परवाना काढून केलेलें पलायन

दोन दिवाळ्यांपूर्वींची गोष्ट. फराळाचे डबे अद्याप रिकामे झाले नव्हते, अशा एका सकाळीं अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या पुतणीचा निरोप फोनवर येऊन पडला. "काका, आम्ही दोघांनीं पळून जाऊन लग्न करायचें ठरवलें आहे. पुढल्या सप्टेंबरांत, डोंगरावर. उद्यानाच्या कचेरीकडे परवान्याचा अर्ज करणार आहों. घरीं तुम्हीच सांगा."

निरोप आम्हीं दोनदां वाचला. पळून जाणारीं माणसें अर्ज करतात, परवाना मागतात, आणि दहा महिने आधीं चुलत्याला कळवितात, हें आम्हांस अगदींच नवीन होतें. घरीं सांगणें भाग होतें, म्हणून सांगितलें. आमचे धाकटे बंधु, म्हणजे मुलीचे वडील, वर्तमानपत्र तोंडापुढें धरून बसले आणि बराच वेळ त्यांनीं पान उलटलें नाहीं. भावजय उठून आंत गेल्या. आमच्या ८२ वर्षांच्या मातोश्री तेवढ्या शांतपणें म्हणाल्या, "पळून जायचें, तर सांगितलें कशाला? आणि सांगायचें, तर पळायचें कशाला?"

या दोन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यांत आमचे पुढील सात महिने गेले. सुशिक्षित घरांतून आज एखादें तरी मूल परदेशीं नाहीं असें घर विरळा. जो निरोप आमच्या घरीं आला तो उद्यां वाचकांपैकीं कोणाच्याहि घरीं येऊं शकेल. म्हणून या कामीं आम्हांस काय कळलें, आणि कोठें आमचें चुकलें, तें येथें मांडीत आहों.

शब्द जुना, अर्थ नवा

इंग्रजींत अशा लग्नाला ‘इलोपमेंट’ म्हणतात. वडील मंडळींच्या नकळत, त्यांच्या इच्छेविरुद्ध निसटून जाणें, असा या शब्दाचा जुना अर्थ. इंग्लंडांत १७५३ सालीं विवाहाचा कायदा कडक झाला आणि एकवीस वर्षांखालील वधूवरांस वडिलांच्या संमतीवांचून लग्न करणें दुर्घट झालें. स्कॉटलंडास तो कायदा लागू नव्हता. तेथें दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही पतिपत्नी आहों’ एवढें म्हटलें तरी पुरत असे. साहजिकच सरहद्द ओलांडतांच लागणाऱ्या ग्रेटना ग्रीन नांवाच्या खेड्यांत पळपुट्या जोडप्यांची रीघ लागली. लोहाराच्या ऐरणीवर हातोडा पडला कीं लग्न लागलें, अशी त्या गांवाची ख्याति झाली. पुढें १८५६ च्या कायद्यानें दोघांपैकीं एकानें तरी स्कॉटलंडांत एकवीस दिवस राहिलें पाहिजे अशी अट घातली, तेव्हां ती धांवपळ थंडावली.

आपल्याकडे हा प्रकार नव्हता असें कोणी म्हणूं नये. विदर्भराजकन्या रुक्मिणी हिनें द्वारकेस पत्र पाठविलें, त्यांत केवळ प्रेम नव्हतें, बेत होता. विवाहाच्या आदल्या दिवशीं कुलाचाराप्रमाणें वधू नगराबाहेरील देवीच्या दर्शनास जाते. त्या वेळीं यावें, म्हणजे अंतःपुरांत शिरून आप्तजनांचा संहार करण्याचा प्रसंग येणार नाहीं, असें तिनें स्वच्छ कळविलें होतें. स्थळ, दिवस, वेळ, आणि कोणाला दुखवावयाचें नाहीं, या चारहि गोष्टी त्या पत्रांत होत्या. अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या तीरीं कौंडिण्यपुर येथें तें देवीचें देऊळ भाविक आजहि दाखवितात.

सध्यां अमेरिकेंत मात्र हा शब्द फारच निराळ्या अर्थानें वापरूं लागले आहेत. वधू, वर आणि फार तर पांच-दहा माणसें यांनीं एखाद्या रम्य स्थळीं, थोडक्यांत, पण पूर्ण तयारीनें केलेलें लग्न, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. वडिलांची संमति असते, पुष्कळदां आशीर्वादहि असतो. पळावयाचें असतें तें समारंभापासून. त्या देशांत लग्नाचा सरासरी खर्च ३० हजार डॉलरांच्या वर गेल्याचें विवाहव्यवसायांतल्याच पाहण्या सांगतात. त्यावरून पळणारांचा वेग समजून घ्यावा.

हें सगळें आम्हांस पुढें कळलें. त्या वेळीं आम्हीं पुतणीला एक लांबलचक पत्र लिहिलें. त्यांत घराण्याची रीत होती, आईवडिलांची हौस होती, आजीचें वय होतें. आणि शेवटीं, आज लिहितांना लाज वाटते, ‘लोक काय म्हणतील’ हेंहि होतें. तिचें उत्तर चार ओळींचें आलें. "ताईच्या लग्नांत बाबा दोन दिवस बसून जेवले नाहींत. त्याचे हप्ते ते अजून फेडताहेत. ताई म्हणते, त्या दोन दिवसांत मीं आणि यांनीं एकमेकांशीं दहा वाक्येंहि बोललों नाहीं. मला तुमच्यापासून पळायचें नाहीं, काका."

हें खरें होतें. हप्त्यांची गोष्ट तर आमच्या सहीनेंच झाली होती. तरीहि आम्ही हार मानणारे नव्हतों. लग्नांत अडचणी शोधण्याच्या हेतूनेंच आम्ही त्या उद्यानाचे नियम वाचावयास बसलों.

पर्वत आणि त्याचें राज्य

पुतणी राहते त्या डेन्व्हर शहराची उंची ५,२८० फूट. आपल्या कळसूबाईचें शिखर ५,४०० फूट. म्हणजे तेथील माणूस घरीं बसल्या बसल्याच जवळजवळ कळसूबाईवर असतो! तेथून वायव्येस मोटारीनें शंभर-सवाशें किलोमीटर गेलें कीं एस्टेस पार्क हें गांव लागतें, आणि त्याच्या माथ्यावर रॉकी मौंटन राष्ट्रीय उद्यान पसरलेलें आहे. एनॉस मिल्स नांवाच्या एका खाणावळवाल्यानें, तो निसर्गलेखकहि होता, वर्षानुवर्षें लेख लिहून आणि व्याख्यानें देऊन या भूमीसाठीं खटपट केली. अखेर २६ जानेवारी १९१५ रोजीं राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सहीनें तें उद्यान झालें. क्षेत्र एक हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. सर्वोच्च शिखर लाँग्ज पीक, उंची १४,२५९ फूट. इझाबेला बर्ड नांवाची इंग्रज प्रवासिनी १८७३ सालीं, घागरा सांवरीत, त्या शिखरावर जाऊन आली होती. उद्यानांतून जाणारा ट्रेल रिज रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो, आणि हिंवाळ्यांत बर्फाखालीं गाडला जातो.

अशा या ठिकाणीं वर्षाकाठीं ४० लाखांहून अधिक माणसें येतात. राष्ट्रीय उद्यानांचें खातें १९१६ सालीं स्थापन झालें, तेव्हां लोकांनीं या स्थळांचा आनंद घ्यावा, परंतु पुढील पिढ्यांसाठीं तीं जशींच्या तशीं राहावींत, असा दुहेरी भार कायद्यानें त्या खात्यावर टाकला. लग्नासाठीं परवाना कां लागतो याचें उत्तर या एका वाक्यांत आहे. केवळ वधूवर दोघेंच असलीं तरी परवाना हवा; अर्ज एक वर्ष आधींपासून करतां येतो; महिन्याकाठीं ठराविक संख्येहून अधिक परवाने देत नाहींत. पुतणीनें त्यासाठीं ३०० डॉलर भरले, आणि ते कोणत्याहि कारणानें परत मिळावयाचे नव्हते.

शिवाय मन मानेल तेथें उभें राहून लग्न लावतां येत नाहीं. उद्यानानें कांहीं जागा नेमून दिल्या आहेत, आणि कोणत्या जागीं किती माणसें असावींत हेंहि ठरवून दिलें आहे. त्यांपैकीं स्प्रेग लेक या तळ्याची निवड आमच्या पुतणीनें केली. साडेआठ हजार फुटांहून थोडें उंच असें हें लहानसें तळें. एबनर स्प्रेग नांवाच्या गृहस्थानें आपल्या विश्रामगृहांतील पाहुण्यांना मासे धरतां यावेत म्हणून तें बांध घालून केलेलें. पाणी स्थिर असलें म्हणजे पलीकडलीं हिमशिखरें त्यांत उलटीं दिसतात. भोंवतालची पायवाट इतकी सपाट आहे कीं चाकांच्या खुर्चींतील माणूसहि फेरी घालूं शकतो. "आजी इथें असती तर तिलाहि आणतां आलें असतें, म्हणून हीच जागा पाहिली," असें तिनें लिहिलें होतें. हें वाक्य वाचून आमच्या युक्तिवादाची एक वीट निखळली.

भटजीवांचून, साक्षीवांचून

यानंतर आम्हीं कायद्याकडे मोर्चा वळविला. येथें तरी कांहीं अडेल अशी आशा होती. परंतु कोलोराडोचा कायदा या बाबतींत विलक्षण मोकळा निघाला. वधूवरांनीं स्वतःच आपलें लग्न लावून घ्यावें, त्याला धर्मगुरु नको, न्यायाधीश नको, साक्षीदारहि नकोत, अशी तेथें मुभा आहे. उभयतांनीं कौंटीच्या नोंदणी-कचेरींत जावें, ओळखीचे कागद दाखवावेत, आणि विवाहाचा परवाना घ्यावा. पुतणीला त्याचे ३० डॉलर पडले. हा परवाना ३५ दिवस चालतो. त्या मुदतींत संस्थानांत कोठेंहि लग्न करावें, स्वतः सह्या कराव्यात, आणि ६३ दिवसांच्या आंत तो कागद कचेरीस परत करावा. कांहीं हौशी जोडपीं तर साक्षीदार म्हणून आपल्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा त्या कागदावर उमटवितात! गंमत अशी कीं, उद्यानाच्या पायवाटांवर कुत्र्यांना बंदी आहे. म्हणजे साक्षीदारास प्रत्यक्ष लग्नाला हजर राहतां येत नाहीं.

मातोश्रींना हें वाचून दाखविलें, तेव्हां त्या हंसल्या नाहींत. "शकुंतलेचें असेंच झालें होतें," एवढेंच म्हणाल्या. त्यांचा रोख आमच्या ध्यानीं आला. कण्वमुनि आश्रमांत नसतांना लागलेल्या त्या गांधर्व विवाहाला माणूस साक्षी नव्हता. खूण म्हणून एक अंगठी होती, आणि ती पाण्यांत पडली. पुढें भरल्या दरबारांत ती बिचारी काय दाखविणार? लग्नाला चार माणसें बोलावण्याची आपली चाल उगीच पडलेली नाहीं. त्या चार माणसांच्या स्मरणांत लग्नाची नोंद राहते, आणि स्त्रीला ती नोंद अधिक उपयोगीं पडते.

परंतु येथेंच आम्हांस मुद्दा उमगला. कोलोराडोनें माणसांची साक्ष सोडली आहे, नोंद सोडलेली नाहीं. कागद परत केला कीं तो सरकारी दप्तरांत कायमचा राहतो, आणि त्याची प्रमाणित प्रत केव्हांहि मिळते. तेव्हां ज्यांच्या घरीं असा प्रसंग येईल त्यांनीं मुलांना एक गोष्ट आग्रहानें सांगावी: डोंगरावरून उतरल्यावर पहिलें काम तो कागद पोंचता करण्याचें. प्रमाणित प्रती तीन-चार घ्याव्यात. त्यांतील एका प्रतीवर तेथील संस्थानच्या सचिवाच्या कचेरींतून ‘अपोस्टील’ नांवाची मोहर उमटवून घ्यावी. २००५ पासून भारत त्या आंतरराष्ट्रीय करारांत सामील आहे, त्यामुळें इकडे लग्न सिद्ध करण्याची वेळ आली तर ती मोहर उपयोगीं पडते. अंगठी पाण्यांत पडली तरी दप्तर पाण्यांत पडत नाहीं, असें आम्हीं मातोश्रींना सांगितलें, तेव्हां त्यांनीं मान हलविली.

अक्षता नाहींत, अग्नि नाहीं

आतां खरी अडचण आली. नियमांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, लग्नप्रसंगीं तांदूळ, धान्य किंवा फुलांच्या पाकळ्या उधळूं नयेत. परक्या मुलुखाचें बीं तेथें रुजूं नये, आणि रानांतल्या जीवांना माणसाच्या अन्नाची चटक लागूं नये, म्हणून ही मनाई. (तांदूळ पोटांत फुगून पक्षी मरतात अशी एक समजूत आहे, ती मात्र खरी नाहीं, शेतांतला भात पाखरें आवडीनें खातात हें आपण पाहतोंच.) झाडांना तोरण बांधावयाचें नाहीं, रानांतलें फूल तोडावयाचें नाहीं, फुगे सोडावयाचे नाहींत, तळ्याकांठीं विस्तव पेटवावयाचा नाहीं. आणि जागा त्या जोडप्यापुरती राखून मिळत नाहीं. बाजूनें इतर प्रवासी खुशाल जात-येत असतात.

विस्तवाच्या बंदीबद्दल आम्ही कुरकुर करणार होतों. पण २०२० च्या ऑक्टोबरांत त्या पर्वतांत काय झालें तें वाचल्यावर गप्प बसलों. पश्चिमेकडून उठलेला वणवा वाऱ्यावर स्वार होऊन पर्वताचा मुख्य कणा ओलांडून अलीकडे आला, सबंध एस्टेस पार्क गांव रिकामें करावें लागलें, आणि उद्यानाची सुमारें ३० हजार एकर भूमि त्या सालच्या वणव्यांत जळाली. अशा ठिकाणीं होमाचा आग्रह कोण धरील?

राहिल्या अक्षता. मातोश्रींनीं तोड काढली: डोंगरावर नकोत, तर घरीं परत आल्यावर तिच्या खोलींत टाकूं द्या, देवापुढल्या अक्षता येथून पाठवूं. त्यांतहि विघ्न आलें. खाप्रा नांवाच्या धान्यकिडीच्या भीतीमुळें भारतांतून खाजगी रीत्या तांदूळ अमेरिकेंत नेण्यास तिकडील सरकारची मनाई आहे. मूठभर अक्षताहि त्या नियमांतून सुटत नाहींत. हें ऐकल्यावर मातोश्री प्रथमच खिन्न झालेल्या आम्हीं पाहिल्या. "अग्नि नाहीं, अक्षता नाहींत, माणसें नाहींत. मग लग्नांत राहिलें काय?" त्या म्हणाल्या.

रात्रीं आम्हीं हा प्रश्न जसाच्या तसा पुतणीला कळविला. उत्तर दुसऱ्या दिवशीं आलें. "आजीला सांगा, अंतरपाटावर बंदी नाहीं. आणि सात पावलें चालायलाहि परवाना लागत नाहीं."

मातोश्रींनीं पेटी उघडविली. त्यांच्या स्वतःच्या लग्नांतला जुना अंतरपाट घडीवर विरला होता, तो त्यांनीं तीन दुपारीं बसून रफू केला, आणि आम्हीं तो पार्सलनें रवाना केला.

देव निजलेले, पितर जागे

पुतणीनें सप्टेंबरचा तिसरा आठवडा धरला होता, त्याला कारण होतें. त्या दिवसांत तेथील ॲस्पेन नांवाच्या झाडांचीं पानें सोन्यासारखीं पिवळीं होतात आणि एल्क नांवाच्या, आपल्या सांबरासारख्या पण थोराड हरणांचे नर रानांत साद घालीत हिंडतात. परंतु पंचांग उघडून पाहतों तों तो नेमका पितृपक्ष! "देव निजलेले आणि पितर जागे, अशा पंधरवड्यांत कोणी लग्न करतें का?" असें म्हणून मातोश्रींनीं पंचांग मिटलें.

येथें दोन पंचांगांची गांठ पडली, आणि तीं एकमेकांवर रुसलेलीं निघालीं. आपले लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीला संपतात. पर्वताचे मुहूर्त त्याच्या नेमके उलट. आपल्या मार्गशीर्ष-माघांत तो बर्फाखालीं असतो; ट्रेल रिज रस्ता साधारण मेच्या अखेरीस उघडतो आणि ऑक्टोबरांत मिटतो. म्हणजे पर्वत जागा होतो तेव्हां आपले देव निजावयास निघालेले असतात. जुलै-ऑगस्टांत दुपारचीं वादळें आणि विजा हें तेथलें नित्याचें संकट. झाडांची रेषा संपते त्याच्या वर, म्हणजे सुमारें ११,४०० फुटांच्या पुढें, दुपारीं उभें राहणें जिवावरचें, म्हणून जाणते लोक सकाळींच कार्य उरकून खालीं उतरतात. दोन्ही पंचांगांत बसेल अशी एकच फट राहिली: ज्येष्ठांतला जूनचा पहिला आठवडा.

जूनमध्यें सोनेरी पानें नाहींत. उंचावरचीं तळीं तेव्हां अर्धवट बर्फांत असतात. पुतणीनें विचार करावयास दोन दिवस मागून घेतले, आणि मग "जून चालेल" असें कळविलें. आमच्या मतें त्या सबंध प्रकरणांत दिलेलें सर्वांत मोठें दान हेंच. आम्हीं तिच्यासाठीं तोवर काय सोडलें होतें? कांहींच नाहीं. आमचे बंधु त्या दिवशीं प्रथमच तिच्याशीं फोनवर पुरता अर्धा तास बोलले, आणि शेवटीं म्हणाले, "माणसें किती बोलवायचीं तें तूंच ठरव."

घरची यादी

डोंगराची यादी महिन्याभरांत पुरी झाली. उंचीवर दम लागतो, म्हणून दोन दिवस आधीं एस्टेस पार्कला मुक्काम, भरपूर पाणी. सकाळीं थंडी, म्हणून शालूखालीं लोकरीचे कपडे. जूनमध्यें एल्कच्या माद्या नुकत्याच व्यालेल्या असतात आणि पिलाजवळ कोणी गेलें तर अंगावर येतात, म्हणून ७५ फूट, आणि मूस किंवा अस्वल दिसलें तर १२० फूट अंतर. तळ्याजवळची मोटारी उभ्या करण्याची जागा सकाळींच भरते, म्हणून पहांटे निघणें. सगळा खर्च, छायाचित्रकार आणि मुक्काम धरून, ताईच्या लग्नांतील केवळ जेवणाच्या खर्चाहून कमी.

घरची यादी पुरी व्हावयास मात्र पांच महिने लागले. ती येथें देतों, कारण आमच्या मतें वाचकांस तीच अधिक उपयोगीं पडेल. पहिली गोष्ट, घरांतल्या कोणाहि वडील माणसाला हें लग्न छायाचित्रावरून कळूं नये. आजी, आजोबा, आत्या, मामा यांना मुलीनें स्वतः आधीं फोन करावा. दुसरी, दिवस आणि वेळ घरीं कळलेली असावी. तिसरी, लग्नानंतरचा पहिला फोन घरीं. चौथी, इकडे येतील तेव्हां एक साधें जेवण, घरांतल्या माणसांचें, घरांत. मुलीकडूनहि एक अट आली: चित्रफोन लावून लग्न दाखवा असें म्हणूं नये. उद्यानांत फोनला ओढ मिळेल याचा भरवसा नसतो, आणि मिळाली तरी, ती म्हणाली, "मग आम्ही तळ्याकडे पाहणार नाहीं, फोनकडेच पाहूं." भावजयांना ही अट जड गेली. त्यांनीं ती मान्य केली, पण कांहीं दिवस त्या कमी बोलत होत्या, हेंहि नमूद केलें पाहिजे.

सातचा ठोका

वेळ सकाळीं साडेसातची ठरली. कोलोराडोची घड्याळें उन्हाळ्यांत आपल्या साडेअकरा तास मागें असतात. म्हणजे तेथें साडेसात तेव्हां पुण्यांत संध्याकाळचे सात. कोणीं मुद्दाम हिशेब केला नव्हता, पण मातोश्रींच्या तो लगेच ध्यानांत आला. "गोरज मुहूर्त!" त्या म्हणाल्या.

त्या दिवशीं दुपारीं पावसाची सर येऊन गेली होती. पावणेसातला आम्ही सगळे हातपाय धुवून देवघरापाशीं जमलों. समई लावली. मातोश्रींच्या ओंजळींत कुंकवाच्या अक्षता होत्या. कोणी मंगलाष्टक म्हणावें कीं नाहीं हें ठरलें नव्हतें, त्यामुळें कोणीच म्हटलें नाहीं. घड्याळाचे सात ठोके पडले, मातोश्रींनीं डोळे मिटून अक्षता देवांवर वाहिल्या, आणि मग काय करावयाचें हें आम्हांपैकीं कोणालाच सुचेना. भावजयांनीं पानें घेतलीं. जेवण कोणास गेलें नाहीं. आठ वाजले, नऊ वाजले. बंधु गॅलरींत येरझारा घालीत होते. आपल्या मुलीचें लग्न झालें कीं नाहीं हें ठाऊक नसलेला बाप आम्हीं त्या दिवशीं पाहिला, आणि अडीच तास ‘समारंभापासून पळणें’ या कल्पनेवर आम्हीं मनांतल्या मनांत पुष्कळ तोंडसुख घेतलें.

साडेनवाला फोन आला. पहिला फोन, कबूल केल्याप्रमाणें. दोन मैत्रिणींनीं अंतरपाट धरला होता. वारा असल्यानें तो सारखा तोंडावर येत होता. तळ्यांत शिखरें दिसत होतीं. अंतरपाट दूर झाल्यावर दोघांनीं कांठच्या वाटेनें सात पावलें टाकलीं, प्रत्येक पावलाला एक वचन, तें मराठींत आणि मग इंग्रजींत. सह्या झाल्या. मैत्रिणींनींहि साक्षीदार म्हणून सह्या केल्या. कायद्याला नको होत्या, "आजीला हव्या असतील म्हणून".

"सातला लागलें ना?" मातोश्रींनीं विचारलें.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "नाहीं आजी. वाटेवर एल्कची मादी पिलाला घेऊन उभी होती. ती हलेपर्यंत वीस मिनिटें थांबावें लागलें."

आम्ही मातोश्रींकडे पाहिलें. अक्षता तर सातलाच वाहून झाल्या होत्या. त्यांनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "लेकुरवाळी आडवी आली, चांगलेंच झालें. तिच्याच मुहूर्तावर लागलें म्हणायचें."

डिसेंबरांत दोघें पुण्यास आलीं. कागदाची मोहर उमटविलेली प्रत पुतणीनें वडिलांच्या हातीं दिली. त्यांनीं ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि कपाटांत ठेवली. जेवणास बावीस पानें होतीं, आणि बंधु पहिल्या पंक्तीस बसून जेवले. पानें उठण्यापूर्वीं मातोश्रींनीं देव्हाऱ्यांतली लहान चांदीची डबी मागवून घेतली. त्या संध्याकाळच्या अक्षता त्यांनीं तींत जपून ठेवल्या होत्या. घरांतल्या प्रत्येकाला त्यांनीं चार चार दाणे दिले.